‘अभ्यासासाठी’ ग्राफिक्स कार्ड

मंडळी, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा चिवड्याचे डबे तळाला गेलेले असतील आणि ज्या घरात व्हीसीईचं वर्ष आहे तिथे सगळे पाय न वाजवता वावरत असतील. परीक्षा संपेल, नोव्हेंबरच्या अखेरीस ब्लॅक फ्रायडेचा सेल लागेल, पाठोपाठ बॉक्सिंग डे. या दिवसांत डँडेनॉन्गपासून पाकेनहॅम-क्रॅनबर्नपर्यंतच्या बऱ्याच मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एक ठरलेलं बोलणं होतं. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय." आई-बाबा विचारतात, "कशाला?" उत्तर येतं, "अभ्यासासाठी."

मला बोलायचंय ते या शेवटच्या शब्दाबद्दल. या शब्दामुळे आपल्या घरांत चुकीची कार्डं येतात आणि पाच-सातशे डॉलर वाया जातात. ते डॉलर पुष्कळदा मुलांनीच शनिवार-रविवारी सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या ढकलून नाहीतर पिझ्झाच्या काउंटरवर उभं राहून साठवलेले असतात. त्यामुळे हा विषय ‘पोरांचं काहीतरी’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढे थोडे आकडे येतील, पण अवघड काही नाही. आई-बाबांना कार्डाचं अडलं तर त्यांनी मुलांना विचारावं, मुलांना मराठीचं अडलं तर त्यांनी आई-बाबांना. दोघं एकत्र बसून वाचलंत तर फारच छान.

दोन कार्डं समोर घेऊ. दोन्ही एन्व्हिडियाची. एक आरटीएक्स ३०६०, बारा जीबी मेमरीचं, फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलेलं. दुसरं आरटीएक्स ४०६०, आठ जीबीचं, जून २०२३ च्या अखेरीस आलेलं. दुकानांत आता यांच्या पुढची पिढी मांडलेली आहे, तरी मी मुद्दाम हीच जोडी घेतो. खेळणाऱ्यांकडे कुठली कार्डं आहेत याचं स्टीमचं मासिक सर्वेक्षण असतं, त्यात ही दोन नावं गेली काही वर्षं वरच्या काही जागांवर आहेत. म्हणजे तुमच्या घरातल्या डब्यात यांपैकी एखादं असण्याची शक्यता बरीच. आणि दुसरं कारण असं की या दोघांचे आकडे एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. कुठलं चांगलं, याचं एका शब्दात उत्तर देताच येत नाही.

आकड्यांआधी स्वयंपाकघर. गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. भाड्याचा हॉल, त्याचं किचन, दोनशे पानं. किती हात कामाला आहेत, ही एक गोष्ट. ते हात किती चपळ आहेत, ही दुसरी. कापलेलं, भिजवलेलं, मळलेलं सगळं मांडायला ओटा केवढा आहे, ही तिसरी. ओट्यावरचं सामान हातांपर्यंत यायची वाट किती रुंद, ही चौथी. आणि शेगडीशेजारी मिसळणाचा डबा केवढा, म्हणजे हळद-मोहरीसाठी दर वेळी उठावं लागतं की नाही, ही पाचवी. ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्यात मुख्य रकाने हेच असतात. हात म्हणजे कोअर, चपळाई म्हणजे क्लॉक, ओटा म्हणजे मेमरी, वाट म्हणजे मेमरी बस, आणि मिसळणाचा डबा म्हणजे कॅश.

आता हात मोजू. जुन्या ३०६० मध्ये ३५८४ कोअर आहेत, नव्या ४०६० मध्ये ३०७२. नव्यात कमी! इथेच बरेच बाबा चष्मा पुसतात. पण चपळाई बघा: जुन्याचं क्लॉक सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ, नव्याचं २.४६. हात कमी, पण बरेच जलद. दोन्हींचा गुणाकार करून कंपन्या जो टेराफ्लॉप्सचा आकडा छापतात तो जुन्याचा १२.७ आणि नव्याचा १५.१ येतो. वेगवेगळ्या पिढ्यांच्या कार्डांचे नुसते कोअर मोजून तुलना करणं म्हणजे दोन मंडळांच्या स्वयंपाकघरांत नुसती डोकी मोजणं. एकाच पिढीतल्या दोन कार्डांसाठी मात्र हा आकडा कामाचा असतो.

वाटेचा हिशेब तर दहावीच्या गणिताचा आहे. जुन्याची बस १९२ बिटांची आणि प्रत्येक बिटाचा वेग सेकंदाला १५ गिगाबिट. १९२ गुणिले १५ भागिले ८ बरोबर ३६० गिगाबाइट सेकंदाला. नव्याची बस १२८ बिटांची, वेग १७. उत्तर २७२. नवीन कार्डाची वाट जवळजवळ पावपट अरुंद! कंपनीने ही कसर मिसळणाच्या डब्याने भरून काढली. जुन्यात ही एल-टू कॅश ३ एमबी होती, नव्यात २४ एमबी. शेगडीजवळ आठपट मोठा डबा असल्यावर ओट्याकडे धावायची वेळ कमी येते, म्हणून अरुंद वाट खेळांमध्ये फारशी जाणवत नाही. १०८० पिक्सेलच्या नेहमीच्या मॉनिटरवर बहुतेक खेळांत ४०६० हे ३०६० पेक्षा साधारण पंधरा-वीस टक्के पुढे राहतं. शिवाय वीज कमी खातं, ११५ वॉट विरुद्ध १७०. रोज चार तास दोन्ही पूर्ण जोरात चालवली तर वर्षाला ८० युनिटांचा फरक पडतो. युनिटला तीस सेंट धरले तर चोवीस डॉलर. त्यात फॉस्टर स्ट्रीटवर दोघांचं एक जेवणही धड होणार नाही, तेव्हा वीजबिलाच्या मुद्द्यावर कुणी फार ताणू नये.

इथपर्यंत ४०६० जिंकलं. आता ओटा.

जुन्यात बारा जीबी, नव्यात आठ. नवीन वस्तूत कमी का दिलं? मेमरीची प्रत्येक चिप बसचे ३२ बिट घेते. १९२ बिटांच्या बसवर सहा चिपा बसतात, १२८ वर चार. एकेक चिप दोन जीबीची, म्हणून एकीकडे बारा, दुसरीकडे आठ. बस अरुंद केली की ओटाही आपोआप आखूड होतो. (कार्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावून चारच्या आठ करता येतात. सोळा जीबीची कार्डं अशीच होतात. ओटा दुप्पट होतो, वाट तेवढीच राहते.)

सामान आठ जीबीत मावतं तोवर काहीच कळत नाही. मावलं नाही की मग गंमत. उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीत ठेवावं लागतं, म्हणजे ओट्यावरून उचलून बाहेर पार्किंगमधल्या गाडीच्या डिकीत. लागेल तेव्हा तिथून आणायचं. ४०६० ला या बाहेरच्या रस्त्याच्या आठच लेन दिल्या आहेत, ३०६० ला सोळा. मदरबोर्ड पाच-सात वर्षं जुना, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल, तर आठ लेनवरून सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट येतात. आत २७२, बाहेर ८. चौतीसपट फरक. त्यामुळे आठ जीबी संपली की कार्ड थोडं मंद होत नाही, ते अडखळायलाच लागतं. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीसीवर आला तेव्हा आठ जीबीवाल्यांची अशीच तारांबळ झाली होती. पुढे दुरुस्त्या येऊन पुष्कळ सुधारलं, पण इशारा मिळायचा तो मिळाला.

खेळात निदान चित्रांचा दर्जा एक पायरी खाली आणून भागवता येतं. ब्लेंडरमध्ये मोठा देखावा रेंडर करताना, किंवा घरच्या घरी एखादं भाषेचं एआय मॉडेल चालवताना ती सोय फारशी नाही. चौदा अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत दाबून बसवलं तरी आठ-नऊ जीबी घेतं. ते ३०६० च्या ओट्यावर मावतं, ४०६० च्या नाही. शिवाय असं मॉडेल एकेक शब्द लिहिताना जवळजवळ सगळी मेमरी वाचून काढतं. तिथे मिसळणाचा डबा कितीही मोठा असला तरी उपयोगाचा नाही, वाटच रुंद लागते. म्हणजे दोन वर्षं जुनं, नावाने खालचं, कोअर मंद असलेलं कार्ड इथे नव्याच्या पुढे जातं.

आता त्या टेबलावरच्या शब्दाकडे या. मुलाला खेळायचंय, पण खेळायचंय म्हटलं तर आपल्याकडे ‘नाही’ हे उत्तर तयार असतं, हे त्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून तो ‘अभ्यास’ म्हणतो. त्यात थोडं ‘एआय’ घालतो, ‘मोनॅशला लागेल’ म्हणतो. आई-बाबांना ते ऐकायला बरं वाटतं. मग बाबा ऑफिसमधल्या कुणाला तरी विचारतात, तो म्हणतो एआयला मेमरी जास्त लागते, आणि घरात येतं ३०६०. पोरगं खेळतं, आणि त्याला जे पंधरा-वीस टक्के जास्त मिळाले असते ते मिळत नाहीत. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. एखादी मुलगी खरोखर थ्रीडी ॲनिमेशन शिकतेय, तिचे देखावे मोठे आहेत. पण घरात ‘अभ्यासाला एवढं कशाला, साधं चालेल’ म्हणून कुठल्या तरी भावाच्या सल्ल्याने खेळांमध्ये पुढे असलेलं आठ जीबीचं कार्ड येतं आणि वर्षभर ते तिच्या कामाला पुरं पडत नाही. काम कुठलं, यावर कार्ड ठरतं. आणि आपल्या घरांत कामच खरं सांगितलं जात नाही.

दोष मुलांचा आहे असं मी म्हणणार नाही. खेळ हे काम म्हणून चालत नाही, हा नियम आपण केलाय. तोच मुलगा क्रिकेटची बॅट मागतो तेव्हा आपण ‘अभ्यासाला लागते का’ असं विचारत नाही. इंग्लिश विलोची बॅट घेताना बाबा स्वतः दुकानात जाऊन तिच्या रेषा मोजतात, वजन बघतात, ठोकून आवाज ऐकतात. बॅटचे गुण कळतात म्हणून बाबांना तिथे मजा येते. कार्डाचे कळत नाहीत म्हणून राग येतो. आठवड्यातून किती तास खेळायचं हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर खुशाल भांडा, पण तो कार्डाच्या खरेदीत कालवू नका. आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू बघता, तुम्हाला बेंचमार्क पाठ असतात. पण ‘हे आठ जीबीचं, ते बाराचं, आणि मला अमुक खेळासाठी हे पाहिजे’ एवढी तीन वाक्यं तुम्ही आईला सांगत नाही. ‘तुला नाही कळणार’ म्हणता. तिला कळतं. कोल्सच्या फळीवर डाळीच्या दोन पिशव्यांमध्ये कोणती स्वस्त हे ती दर शंभर ग्रॅमच्या छोट्या अक्षरांतल्या भावावरून ठरवते. २००९ च्या अखेरीपासून इथल्या मोठ्या सुपरमार्केटना तो भाव छापणं सक्तीचं आहे, आणि तो वाचून खरेदी करण्यात आपल्या आयांचा हात कुणी धरणार नाही.

बाबांनाही कळतं. आपल्यापैकी अनेकांनी पहिला कॉम्प्युटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत उभं राहून ‘असेंबल’ करून घेतलाय. कॅबिनेट एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, मॉनिटर रिक्षात मांडीवर. तेव्हा आपल्याला मेगाहर्ट्झचं वेड होतं. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम फोर आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा, आणि बऱ्याच कामांत तो १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीच्या मागे पडला. मोठा आकडा म्हणजे जलद काम नव्हे, हे आपण पंचवीस वर्षांपूर्वीच पाहिलंय. इकडे आल्यावर आपण घराच्या कर्जाचे चाळीस-चाळीस पानी कागद वाचले, गाड्यांचे तक्ते वाचले. ग्राफिक्स कार्डाचा तक्ता एका पानाचा असतो.

नावावर मात्र विसंबू नका. याबाबतीत कंपन्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. मी वर ३०६० च्या पुढे ‘बारा जीबीचं’ असं दर वेळी का लिहिलं? २०२२ च्या शेवटाकडे त्याच नावाचं आठ जीबीचं कार्ड आलं. कोअर तितकेच, पण बस १२८ बिटांची, म्हणजे वाट ३६० वरून २४० वर. खोक्यावर नाव तेच. त्याआधी जीटी १०३० नावाच्या छोट्या कार्डाची २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात जीडीडीआर-५ च्या जागी साधी डीडीआर-४ मेमरी होती. वाट ४८ वरून सुमारे १७ वर आली. नाव तेच. २०१४ च्या जीटीएक्स ९७० मध्ये चार जीबी लिहिलेली होती आणि होतीही, पण त्यातली शेवटची अर्धी जीबी फार हळू चालणारी निघाली. अमेरिकेत दावा झाला, २०१६ मध्ये तडजोड होऊन गिऱ्हाइकाला कार्डामागे तीस डॉलर द्यायचं ठरलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तर आरटीएक्स ४०८० दोन जाहीर झाली, एक सोळा जीबीचं ९७२८ कोअरचं, दुसरं बारा जीबीचं ७६८० कोअरचं. मेमरीचा फरक खोक्यावर दिसत होता, कोअरचा दिसत नव्हता. इतकी ओरड झाली की कंपनीने महिन्याभरात बारावालं मागे घेतलं, आणि जानेवारीत तेच ४०७० टीआय या नावाने विकायला काढलं.

जाहिरातीतल्या फ्रेमच्या आकड्याचंही तेच. २०२५ च्या जानेवारीत लास वेगासला एन्व्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे आधीच्या ४०९० एवढं काम करेल असं सांगितलं. ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि चोवीस जीबी, ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि बारा जीबी. मग बरोबरी कशी? कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरतं. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरं. पण तुम्ही बटण दाबल्याची दखल खऱ्या फ्रेमलाच घेतली जाते. खेळणाऱ्याला तो फरक हातात जाणवतो, आणि रेंडरिंग करणाऱ्याला त्या भरलेल्या फ्रेमचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा आलेख पाहिला की खाली बारीक अक्षरांत ‘फ्रेम जनरेशन’ लिहिलंय का ते आधी बघा.

पुण्याचं एक उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधला ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याच घराण्यातला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा होता. तो एन्व्हिडियाच्या ए-१०० कार्डांवर उभा आहे. या ए-१०० मध्ये ६९१२ कोअर. त्याच वर्षी खेळांसाठी निघालेल्या आरटीएक्स ३०८० मध्ये ८७०४. कोअर मोजले तर मुलांच्या खोलीतलं कार्ड महासंगणकातल्या कार्डापेक्षा भारी! पण ३०८० चा ओटा १० जीबी आणि वाट ७६०, ए-१०० चा ओटा ४० जीबी आणि वाट १५५५. ते काम आधी ठरवून त्यासाठी बनवलेलं कार्ड आहे. त्यावर खेळ खेळायला गेलात तर मॉनिटर जोडायला भोकसुद्धा सापडणार नाही.

पैशाचं थोडं बोलू. रिव्ह्यूमधला भाव अमेरिकन असतो आणि त्यात कर धरलेला नसतो. ४०६० चा तिथला भाव २९९ होता. दीडपट करा, वर दहा टक्के जीएसटी घाला, जवळजवळ ४९५ ऑस्ट्रेलियन डॉलर होतात. तेव्हा ‘दुकानदार लुटतो’ म्हणायच्या आधी हा गुणाकार करावा. ‘मामा डिसेंबरमध्ये येतोय, भारतातून आणू’ हेही दर वर्षी ऐकतो. तिथे या वस्तूंवर अठरा टक्के जीएसटी आहे, आणि बिघडलं तर परत मामाबरोबर पाठवायचं.

कारण इथे घेतलेल्या वस्तूमागे कायदा उभा असतो, त्याची किंमत आपण धरतच नाही. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, आणि तुम्ही दुकानदाराला जे काम सांगून घेतली त्या कामाला ती चालली पाहिजे. बिघडली तर ‘कंपनीकडे जा’ म्हणून दुकानाला हात झटकता येत नाहीत, आणि कंपनीची वॉरंटी संपली म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही. २०१७ मध्ये एमएसवाय या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या साखळीला ग्राहकांच्या याच हक्कांबद्दल चुकीचं सांगितल्यावरून फेडरल कोर्टाने साडेसात लाख डॉलर दंड ठोठावला होता. नुसतं मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती मात्र कुणावर नाही. आणि ओळखीपाळखीत किंवा ऑनलाइन जाहिरात वाचून एखाद्या माणसाकडून जुनं कार्ड घेतलंत तर दर्जाची ही हमी लागू होत नाही. ३०६० आता बहुधा असंच मिळतं. इथेरियमचं खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं तोवर पुष्कळ कार्डं रात्रंदिवस राबलेली आहेत. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या मशीनवर पंधरा मिनिटं जड काहीतरी चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून मगच पैसे द्या. डँडेनॉन्ग मार्केटात आपण कलिंगडसुद्धा वाजवल्याशिवाय घेत नाही.

यंदाच्या सेलमध्ये तुमच्यापुढे जो प्रश्न येणार आहे तो बहुधा एकाच नावाच्या दोन खोक्यांचा असेल. आरटीएक्स ५०६० टीआय २०२५ च्या एप्रिलमध्ये आठ आणि सोळा जीबीत आलं, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी त्याच वर्षी जूनमध्ये आठ आणि सोळा जीबीत. ५०६० टीआयच्या दोन्ही आवृत्त्यांत ४६०८ कोअर, दोन्हींची वाट ४४८, फक्त ओट्यात फरक. बाजारात आली तेव्हा अमेरिकन भावात अंतर पन्नास डॉलरचं होतं, ३७९ आणि ४२९. माझं मत विचाराल तर एवढं महाग कार्ड घ्यायचंच असेल तर आठवालं घेऊ नका. चार-पाच वर्षं वापरायची वस्तू आहे आणि ओटा नंतर वाढवता येत नाही. पण मुलाकडे जुना १०८० पिक्सेलचा, सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा मॉनिटर असेल आणि तो दोन-तीन ठरावीक खेळच खेळत असेल, तर ही दोन्ही खोकी ठेवून द्या. साठाच्या वरच्या फ्रेम तो मॉनिटर दाखवणारच नाही. खालच्या पायरीचं कार्ड घ्या आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बदला.

घेण्याआधी दुकानाला एक ईमेल लिहा. मुलांनी लिहावा, आई-बाबांनी वाचावा. त्यात खेळांची नावं असू द्या, मॉनिटर किती पिक्सेलचा ते असू द्या, ब्लेंडर चालवणार असाल तर ते, मदरबोर्डचं मॉडेल आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा तेही. ‘या कामाला हे कार्ड चालेल का’ एवढंच विचारा आणि आलेलं उत्तर बिलाबरोबर जपून ठेवा. घरी आल्यावर सील तोडायच्या आधी खोक्याच्या बाजूला छापलेला मेमरीचा आकडा बिलाशी ताडून बघा.